एंडोमेट्रिऑसिस, आंत्रातील

गर्भाशयाच्या आतील पोकळीला जे अस्तर असते त्याला गर्भाशयांतःस्तर म्हणतात. या अंतःस्तराशी रचनेने व वर्तनाने साम्य असलेले ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचा समूह) गर्भाशयाबाहेर रुजणे व वाढणे या विकारास एंडोमेट्रिऑसिस अशी संज्ञा आहे. हे ऊतक बहुधा अंडकोश, गर्भाशयाचे आधारबंध आणि श्रोणीतील (कमरेच्या हाडांच्या कड्यातील पोकळीतील) पर्युदर (उदरगुहेचे पातळ आवरण) यांवर आढळते. ते आतड्याच्या भित्तीत शिरून तिच्या स्नायुस्तरापर्यंत पोहोचले म्हणजे त्यास आंत्रातील एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. आतड्याच्या केवळ बाह्य आवरणावर असलेले ठिपके या व्याख्येत धरीत नाहीत. हा कर्करोग नव्हे. तथापि शेजारच्या अवयवांत शिरण्याचा आणि त्यांना एकमेकांस जखडून टाकण्याचा त्याचा गुण पाहता त्याची तुलना कर्करोगाशी होत आली आहे.

प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी सु. १०% स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांपैकी आतडे गुंतलेल्या रुग्णांचे प्रमाण सर्वसाधारणपणे ५ ते १२% सांगितले जाते. प्रमाण लहान असले तरी या रुग्णांची वाट सर्वांत आडवळणाची असते. मूळ विकार प्रजननसंस्थेचा, पण तक्रार मात्र पचनसंस्थेची, अशा स्थितीमुळे रुग्ण मूळव्याध, आमांश, आतड्याचा क्षय इत्यादींचे उपचार घेत राहते. लक्षणे सुरू झाल्यापासून एंडोमेट्रिऑसिसचे निदान होईपर्यंत ७ ते १० वर्षे लोटतात, असे प्रगत देशांतही वारंवार दिसून आले आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांसारख्या डोंगराळ, आदिवासी भागात या विलंबात अंतराची व स्थलांतराची भर पडते. त्यामुळे निदान व चिकित्सा यांचे विवेचन करताना मोठ्या शहरातील रुग्णालयाबरोबरच जव्हार तालुक्यातील दाभोसा या गावासारख्या ठिकाणाचाही विचार येथे केला आहे.

इतिहास : गर्भाशयाबाहेरील अशा ऊतकाचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन कार्ल फोन रोकिटान्स्की या व्हिएन्ना येथील विकृतिवैज्ञानिकांनी १८६० मध्ये केले. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन या स्त्रीरोगतज्ञांनी १९२१ नंतरच्या काही वर्षांत या विषयावर मूलभूत काम केले. आतड्यातील गाठींवरील त्यांचा निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऋतुस्रावाचे रक्त अंडवाहिन्यांतून उलट दिशेने उदरगुहेत पडते व त्यातील जिवंत पेशी तेथे रुजतात, ही उपपत्ती त्यांनी १९२७ मध्ये सविस्तर मांडली.

कारणे : सॅम्पसन यांची उपपत्ती आजही सर्वाधिक मान्य आहे, पण ती अपुरी आहे. उलट दिशेचा स्राव बहुसंख्य स्त्रियांत होतच असतो. विकार मात्र थोड्यांनाच होतो. म्हणून प्रतिकारक्षमतेतील दोष, आनुवंशिकता, पर्युदरातील पेशींचे रूपांतर इ. कारणेही गृहीत धरावी लागतात. आई किंवा बहिणीला हा विकार असल्यास त्याची शक्यता वाढते. या ऊतकाची वाढ स्त्रीमदजन (अंडकोशात तयार होणारे एक हॉर्मोन) या हॉर्मोनावर अवलंबून असते, ही गोष्ट मात्र निश्चित आहे आणि सर्व औषधी उपचार तिच्यावरच आधारलेले आहेत [⟶ ऋतुस्राव व ऋतुविकार].

विकृतिविज्ञान : आतड्यातील सु. ९०% गाठी गुदांत्र (मोठ्या आतड्याचा गुदद्वारालगतचा भाग) आणि त्याच्या वरील अवग्रहांत्र (मोठ्या आतड्याचा नागमोडी वळणाचा भाग) यांत असतात. त्यानंतर आंत्रपुच्छ, लहान आतड्याचा शेवटचा भाग व उंडुक यांचा क्रम लागतो. गर्भाशय आणि गुदांत्र यांमधील खळगा हा उभ्या स्त्रीच्या उदरगुहेतील सर्वांत खालचा भाग असल्याने उदरात पडलेले द्रव्य तेथे साचते, हे या वाटणीचे एक कारण मानले जाते.

गाठ आतड्यात बाहेरून आत शिरते. प्रथम बाह्य आवरण, मग स्नायुस्तर असा तिचा क्रम असतो. सर्वांत आतील श्लेष्मकला (बुळबुळीत अस्तर) बहुधा अभंग राहते. गाठीत प्रत्यक्ष अंतःस्तराचे ऊतक थोडे आणि त्याच्याभोवती जाड झालेला स्नायू व तंतुमय ऊतक अधिक असते. दर महिन्याच्या शोथानंतर (दाहयुक्त सुजेनंतर) वणाची भर पडत जाते, आतड्याची भिंत आखडते व वळणाच्या ठिकाणी आतडे मुडपले जाते. अंडकोश, गर्भाशयाची मागील बाजू आणि गुदांत्र ही एकमेकांस चिकटून मधला खळगा बुजून जाणे, हे पुढच्या अवस्थेतील नेहमीचे चित्र होय. या साऱ्यात दोन गोष्टी व्यवहारात महत्त्वाच्या ठरतात. श्लेष्मकला अभंग असल्याने आतड्यात आतून दुर्बीण घालून केलेली तपासणी पुष्कळदा ‘काही दोष नाही’ असाच निर्वाळा देते. तसेच तंतुमय भाग हॉर्मोनांना दाद देत नसल्याने औषधाने वेदना थांबली तरी आतड्याचा अरुंदपणा नाहीसा होतोच असे नाही.

लक्षणे : शौचाच्या वेळी होणारी तीव्र वेदना, विशेषतः पाळीच्या दिवसांत, हे सर्वांत सूचक लक्षण होय. ही वेदना गुदद्वारापेक्षा आत, खोल जाणवते. माकडहाडाकडे किंवा मांडीकडे ती पसरते. पाळीच्या आसपास आळीपाळीने बद्धकोष्ठ व जुलाब, पोट फुगणे, शौचाचा वेग वारंवार येणे, पोट साफ न झाल्याची भावना, मैथुनाच्या वेळी खोलवर दुखणे आणि पाळीपूर्वीच सुरू होणारी ओटीपोटातील कळ ही इतर लक्षणे होत. पाळीच्या दिवसांत शौचावाटे रक्त जाणे हे लक्षण कमी रुग्णांत, पण लक्षात राहण्याजोगे असते. अनेक रुग्णांत वंध्यत्व हीच मुख्य तक्रार असते. काही वर्षांनी वेदनेचे मासिक चक्र पुसट होऊन दुखणे कायमचे होते. तेव्हा सुरुवातीच्या वर्षांतील लक्षणे मुद्दाम विचारावी लागतात. गाठीचा आकार आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ नेहमी बसत नाही. मोठी गाठ असून फारसा त्रास नसलेल्या स्त्रियाही आढळतात.

आतड्याचा मार्ग पूर्ण बंद पडणे क्वचित घडते. त्याहून फसवा धोका मूत्रवाहिनीचा आहे. गुदांत्रालगतची गाठ बाजूला पसरून मूत्रवाहिनीला आवळते आणि कोणतीही वेदना न होता त्या बाजूचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आतड्यातील गाठ आढळलेल्या प्रत्येक रुग्णाची मूत्रपिंडे पाहिलीच पाहिजेत, हा नियम यामुळे पडला आहे.

निदान : निदानाचे पहिले साधन प्रश्न हे आहे. पोटाचे व शौचाचे दुखणे पाळीच्या तारखांशी जुळते का, एवढे विचारले गेले तर संशय येतो; न विचारल्यास पुढील कोणतेही यंत्र नेमके कोठे रोखावयाचे हे कळत नाही. त्यानंतर योनिमार्गाची व गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी येते. गर्भाशयग्रीवेच्या मागे हाताला लागणारी टणक, दुखरी गाठ आणि जागचे न हलणारे गर्भाशय यांवरून अनुभवी वैद्य पुष्कळ सांगू शकतो. पाळीच्या दिवसांत तपासल्यास गाठ अधिक स्पष्ट लागते. मात्र तपासणी निर्दोष असली म्हणून विकार नाही असे ठरत नाही.

प्रतिमादर्शनात योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी अग्रभागी आहे. निष्णात हाती ती गुदांत्रातील सु. ९०% गाठी दाखविते; आतड्याच्या स्नायुस्तरात शिरलेला काळपट, लांबट पट्टा असे तिचे रूप असते. गर्भाशय व गुदांत्र एकमेकांवरून सरकतात की नाही हेही पडद्यावर पाहता येते, आणि न सरकल्यास मधला खळगा बुजला आहे असे समजतात. येथे यंत्रापेक्षा पाहणाऱ्याचे शिक्षण महत्त्वाचे असते. गर्भारपणाच्या तपासणीसाठी नेहमी वापरले जाणारे यंत्रच यासाठी पुरते, पण गर्भाशयाच्या मागे पाहण्याची सवय नसेल तर अहवाल ‘प्राकृत’ असाच येतो. वरून पोटावर केलेली सोनोग्राफी या कामी फारशी उपयोगी नाही. मूत्रपिंडे पाहण्यास मात्र ती पुरेशी आहे. अविवाहित मुलींत किंवा वर आतड्यात गाठ असण्याचा संशय असल्यास एमआरआय तपासणी करतात. सीए १२५ या रक्तपरीक्षेवरून निदान करता येत नाही. शौचावाटे रक्त जात असेल, तर कर्करोग व इतर शोथजन्य विकार वगळण्यासाठी आतड्याची आतून तपासणी आवश्यक असते.

उदरगुहेत दुर्बीण घालून केलेली पाहणी म्हणजे लॅपरॉस्कोपी ही पूर्वी निदानाची अंतिम कसोटी मानीत. यूरोपातील तज्ञसंस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार केवळ निदानासाठी ती प्रत्येकीत करण्याची गरज नाही. लक्षणे व प्रतिमा यांवरून उपचार सुरू करता येतात. भारतात मात्र तिचे आणखी एक प्रयोजन आहे, ते म्हणजे उदरातील क्षयरोग वेगळा ओळखणे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील शल्यचिकित्सक तेहमटन उदवाडिया (मृत्यू २०२३) यांनी १९७२ पासून उदररोगांच्या निदानासाठी या दुर्बिणीचा पुरस्कार केला. खर्चिक तपासण्या जेथे मिळत नाहीत तेथेच ती अधिक उपयोगी, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून लॅपरॉस्कोपीची दुर्बीण महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही गेली, पण ती अंडवाहिन्या बंद करण्यापुरती. त्याच पोटातील दुखण्याचा शोध घेण्यासाठी तिचा उपयोग त्या प्रमाणात झाला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

क्षयरोगाशी होणारी गफलत विशेष सविस्तर पाहण्यासारखी आहे. ओटीपोटात दुखणे, पाळीचे बिघाड, वंध्यत्व, चिकटलेले अवयव आणि वाढलेले सीए १२५ या सर्व गोष्टी दोन्ही विकारांत आढळतात. उंडुकाजवळची गाठ तर दोन्हींत सारखीच दिसू शकते. ताप, वजन घटणे, उदरात पाणी साचणे ही क्षयाकडे निर्देश करतात आणि लक्षणांची पाळीशी सांगड एंडोमेट्रिऑसिसकडे. जीवोतक परीक्षा (शरीरातील ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) व जंतुपरीक्षा यांविना केवळ अंदाजाने क्षयाची औषधे महिनोन्‌महिने देणे यामुळे रुग्णेचा वेळ जातोच. शिवाय त्यांतील रिफॅम्पिसीन या औषधाने हॉर्मोनाच्या गोळ्यांचा परिणामही कमी होतो. उलटपक्षी क्षय असताना तो एंडोमेट्रिऑसिस समजणे अधिक घातक होय.

दाभोसा व परिसर : दाभोसा हे गाव लेंडी नदीवरील धबधब्यामुळे ख्यात आहे. जव्हारपासून ते सु. २० किमी. अंतरावर आहे. जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थान होते. हा प्रदेश पुढे ठाणे जिल्ह्यात होता व १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आला. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इ. आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. भात, नागली व वरई ही पावसाळी पिके निघाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामे यांवर मजुरीसाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

एंडोमेट्रिऑसिस हा उशिरा विवाह करणाऱ्या सुशिक्षित, सुखवस्तू स्त्रियांचा विकार आहे, असे विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत मानले जाई. ही समजूत आता टिकलेली नाही. जो विकार शस्त्रक्रियेने किंवा तज्ञाच्या सोनोग्राफीनेच नोंदला जातो, तो ज्यांना ही साधने मिळतात त्यांच्यातच आढळणार, हे उघड आहे. आदिवासी भागातील नोंदींचा अभाव हा विकाराचा अभाव समजणे चूक होय. परळ (मुंबई) येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांतील या विकाराच्या लक्षणांचा व आनुवंशिकतेचा बहुकेंद्री अभ्यास हाती घेतला आहे. याच संस्थेच्या मार्गदर्शनाखाली पालघर जिल्ह्यात डहाणू येथे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र उभारण्यात आले आहे.

‘पाळीत दुखायचेच’ ही समजूत दाभोशात आहे तशीच दादरलाही आहे. फरक पुढच्या वाटेत पडतो. गावपातळीवर आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका यांना तपासणीची साधने लागत नाहीत, चार प्रश्न पुरतात : पाळीत कामावर जाणे सुटते का, त्या दिवसांत शौचाला बसताना आत कळ येते का, शौचातून रक्त त्याच दिवसांत जाते का, लग्नाला वर्षे होऊन दिवस राहिलेले नाहीत का. दुखण्याचे व पाळीचे दिवस तीन महिने दिनदर्शिकेवर निरनिराळ्या खुणांनी मांडावे. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही हे जमते. असा खुणांचा कागद डॉक्टरांपुढे ठेवला, तर दहा मिनिटांच्या भेटीत न सुटणारी गोष्ट सुटते. प्रश्न स्त्रीने, एकांतात व तिच्या बोलीत विचारावेत. शौच व मैथुन यांविषयी सासरच्या माणसांदेखत खरे उत्तर येत नाही.

यापुढची पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय ही होय. तेथे शारीरिक तपासणी, रक्तातील हीमोग्लोबिन, सिकलसेल परीक्षा व मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली आणि पहिला औषधोपचार सुरू झाला, म्हणजे बराच भाग पार पडतो. सिकलसेल विकारात पोटात कळा येतात, म्हणून या भागात त्याचा विचार टाळता येत नाही. त्यानंतरच्या तज्ञ तपासणीसाठी नाशिक (जव्हारपासून सु. ८० किमी.) किंवा मुंबई (सु. १५० किमी.) गाठावी लागते. पोट फुगून उलट्या होणे व वायू न सरणे, बरगडीखाली पाठीत सतत दुखणे, किंवा रक्तस्रावाबरोबर वजन घटणे ही लक्षणे असतील तर औषधाचा परिणाम पाहत न बसता रुग्णास ताबडतोब पुढे पाठवावे.

चिकित्सा : गाठ दिसली म्हणून ती काढलीच पाहिजे असे नाही. लक्षणे किती, आतडे किती अरुंद झाले, मूत्रवाहिनी सुरक्षित आहे का आणि रुग्णेला मूल हवे आहे का, या चार गोष्टींवर उपचार ठरतो.

औषधी उपचाराचा हेतू पाळी व तिच्यासोबतचा शोथ थांबविणे हा असतो. आयब्युप्रोफेनासारखी वेदनाशामके तात्पुरती कामाची. मुख्य औषधे म्हणजे प्रगर्भरक्षी गटातील हॉर्मोने (नॉरएथिस्टेरोन, डायएनोजेस्ट इ.) किंवा स्त्रीमदजन व प्रगर्भरक्षी यांच्या संयुक्त गोळ्या. शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळणाऱ्या ‘माला-एन’ या पाकिटात २१ हॉर्मोनाच्या व ७ लोहाच्या गोळ्या असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्यांचा खंड न घेता लागोपाठ हॉर्मोनाच्या गोळ्या दिल्यास पाळीच टळते; अशा वेळी लोह वेगळे द्यावे लागते. सिकलसेल विकार, अर्धशिशीचा विशिष्ट प्रकार, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती अशा स्थितींत स्त्रीमदजनयुक्त गोळ्यांऐवजी केवळ प्रगर्भरक्षी औषध देणे श्रेयस्कर. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे, शासनाने २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने उपलब्ध केलेले इंजेक्शन मुळात गर्भनिरोधक असले, तरी याही वेदनेवर ते गुणकारी आहे. स्थलांतर करणाऱ्या स्त्रीला रोजच्या गोळीपेक्षा ते सोयीचे पडते. अनियमित रक्तस्राव, दीर्घ वापराने हाडांतील खनिज कमी होणे आणि थांबविल्यावर गर्भधारणेस काही महिने विलंब लागणे हे त्याचे दोष होत; लवकर मूल हवे असणाऱ्यांना ते देऊ नये. गर्भाशयात बसवावयाचे हॉर्मोनयुक्त साधनही उपयुक्त आहे. पोष ग्रंथीद्वारे अंडकोशाचे कार्य थांबविणारी इंजेक्शने व अलीकडच्या गोळ्या प्रभावी, पण महाग असून त्यांच्यासोबत हाडांच्या रक्षणासाठी अल्प प्रमाणात हॉर्मोने द्यावी लागतात. एकेकाळी प्रचलित असलेले डॅनॅझोल हे औषध चेहऱ्यावर केस येणे इ. परिणामांमुळे मागे पडले.

ही सर्व औषधे चालू असेपर्यंतच काम करतात. त्यांच्यामुळे गर्भधारणेची शक्यता वाढत नाही, उलट त्या काळात ती थांबते. दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या रुग्णेला होळीपर्यंतचे औषध बरोबर देणे आणि कामाच्या ठिकाणाजवळचे केंद्र लिहून देणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग समजावयास हवा.

शस्त्रक्रियेचा विचार औषधाने न थांबणारी वेदना, आतड्याचा लक्षणीय संकोच, मूत्रवाहिनीवरील दाब आणि काही वेळा वंध्यत्व यांसाठी करतात. तिचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात आतडे न उघडता गाठ स्नायुस्तरापर्यंत तासून काढतात. दुसऱ्यात गाठीसह भित्तीची चकती कापून छिद्र शिवतात. तिसऱ्यात आतड्याचा तेवढा तुकडा काढून दोन्ही टोके जोडतात. लहान व एकच गाठ असल्यास पहिले दोन, तर सु. ३ सेंमी.हून मोठी, वेढा घालणारी किंवा एकाहून अधिक गाठी असल्यास तिसरा प्रकार निवडतात. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत गुदांत्रातील मोठ्या गाठींसाठी आतडे राखणारी व आतडे कापणारी शस्त्रक्रिया यांच्या दोन वर्षांनंतरच्या कार्यात ठळक फरक आढळला नाही. तरीही शक्य तेथे आतडे राखावे असाच कल आहे, आणि तो योग्य वाटतो.

शस्त्रक्रियेचे धोके गंभीर आहेत. जोड सुटून मल उदरात सांडणे, गुदांत्र व योनिमार्ग यांत आरपार भोक पडणे, मूत्राशयाच्या नसांना इजा होऊन लघवी न होणे, तसेच शौचाचे वेग वाढणे हे त्यांतील प्रमुख होत. काहींना तात्पुरते पोटावर शौचद्वार ठेवावे लागते. पाणी दूरवरून आणावे लागणाऱ्या पाड्यावर त्याची निगा कशी राखणार, याचा विचार शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावा. म्हणून स्त्रीरोगतज्ञ, आतड्याचे शल्यचिकित्सक व मूत्ररोगतज्ञ एकत्र असतील अशाच केंद्रात ती करावी. अर्धवट शस्त्रक्रिया वारंवार करण्यापेक्षा एकच, नीट आखलेली शस्त्रक्रिया बरी. तत्पूर्वी रक्तक्षय व कुपोषण भरून काढावे लागते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली संबंधित शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात अंतर्भूत आहे की नाही, हे प्रवासापूर्वीच विचारून घेतल्यास फेरी वाया जात नाही.

मूल हवे असल्यास वय, अंडकोशांची स्थिती व पतीची वीर्यतपासणी पाहून शस्त्रक्रिया किंवा प्रयोगशाळेतील गर्भधारणा यांपैकी आधी काय, हे ठरवितात. या बाबतीत सर्वांना लागू होईल असा नियम नाही. पतीची तपासणी न करता दोष स्त्रीच्या माथी मारण्याची रीत मात्र सर्वत्र आहे.

शस्त्रक्रियेनंतर तत्काळ मूल नको असल्यास हॉर्मोनाचे औषध चालू ठेवल्याने विकार उलटण्याचे प्रमाण कमी होते. ऋतुनिवृत्तीनंतर हे ऊतक बहुधा निष्क्रिय होते. मात्र आधी झालेला तंतुमय संकोच तसाच राहून पन्नाशीनंतरही आतड्यात अडथळा येऊ शकतो. त्या वयात तो आढळल्यास कर्करोग नाही याची खात्री करून घेणे आवश्यक असते. तरुण वयात दोन्ही अंडकोश काढलेल्या स्त्रियांना पुढे हॉर्मोने द्यावयाची झाल्यास केवळ स्त्रीमदजन न देता त्यासोबत प्रगर्भरक्षी हॉर्मोनही देतात. उरलेले ऊतक पुन्हा वाढीस लागू नये, हा त्यामागील हेतू असतो.